भंगारातला डीव्हीडी ड्राइव्ह, सीडीचा तुकडा आणि आपला स्वतःचा हॉलोग्राम

हॉलोग्राम म्हटलं की दोन लेझर बीम, जराही न हलणारं जड टेबल, अंधारी खोली आणि मग फिल्म धुणं हे सगळं डोळ्यासमोर येतं आणि निम्मे लोक तिथेच नाद सोडतात. आपण जे करणार आहोत त्यात समोर ठेवायची वस्तूच नाहीये. भिंतीवर जे चित्र पडायला हवंय ते कॉम्प्युटरमध्ये काढायचं, त्याचा हॉलोग्राम कसा असेल ते गणिताने काढायचं, आणि तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा नकाशा फोकस केलेल्या एकाच लेझरने ओळीमागून ओळ असा एखाद्या माध्यमावर उमटवायचा. नंतर त्यातून साधा लाल लेझर पॉइंटर मारला की समोरच्या भिंतीवर अक्षर दिसतं. माध्यम म्हणून कोरी सीडी-आर, यंत्र म्हणून भंगारवाल्याकडचे दोन डीव्हीडी ड्राइव्ह. फिजिक्सची पोरं, आर्डुइनोवाले (म्हणजे त्या छोट्या प्रोग्रॅम करायच्या बोर्डाशी खेळणारे) आणि ज्यांचे हात शिवशिवतात अशा कोणालाही हे जमण्यासारखं आहे.

कल्पना जुनीच आहे हां. डेनिस गाबोर या शास्त्रज्ञाने हॉलोग्राफी १९४७ मध्ये शोधली, त्याला नोबेल मिळालं १९७१ मध्ये, पण कॉम्प्युटरने हॉलोग्राम काढायचा प्रकार ब्राउन आणि लोमान यांनी १९६६ मध्ये आयबीएममध्ये करून दाखवला. ते प्लॉटरवर भलं मोठं चित्र काढायचे आणि कॅमेऱ्याने ते लहान करायचे. थेट लेझरने लिहायची गोष्ट नंतरची, आणि त्यातला माझा आवडता किस्सा चिकटपट्टीचा आहे. जर्मनीत मान्हाइम विद्यापीठातल्या लोकांच्या १९९८ च्या सुमारास लक्षात आलं की टेसा कंपनीच्या साध्या पारदर्शक चिकटपट्टीवर लेझरने डेटा लिहिता येतो, कारण ती पट्टी बनवतानाच ताणलेली असते आणि जिथे तापते तिथे बदलते. त्यातून पुढे टेसाने वेगळी कंपनी काढली आणि ती कंपनी पॉलिमर फिल्मवर लेझरने कॉम्प्युटर-हॉलोग्राम लिहून नकली माल ओळखायची लेबलं बनवते. म्हणजे आपण करतोय ते काही खेळणं नाहीये, फक्त आपलं यंत्र गरिबाघरचं आहे.

आता एक गोष्ट आधीच सांगतो कारण नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो. सगळ्यांचं लक्ष लेझरच्या पॉवरवर आणि ठिपका किती बारीक करता येईल यावर असतं. खरं घोडं पेंड खातं ते जागेवर. ठिपका हवा तिथे पडला का हे महत्त्वाचं, तो किती सुबक पडला हे दुय्यम. शाळेच्या कवायतीत पाच-दहा पोरं गैरहजर असली तरी संचलन छान दिसतं, पण सगळी हजर आणि प्रत्येकाचं पाऊल वेगळं असेल तर बघवत नाही, तसंच आहे हे. धूळ, ओरखडा, न उमटलेले ठिपके हे सगळं हॉलोग्राम खपवून घेतो, पण ओळी इकडेतिकडे सरकलेल्या अजिबात खपवून घेत नाही. खालचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

घरच्या सीडी रायटरने नाही का होणार?

हा प्रश्न येतोच म्हणून आधी उरकून घेऊ. सीडी रायटर म्हणजे फोकस केलेला लेझर, डिस्क म्हणजे माध्यम, मग नीरोसारख्या बर्निंग सॉफ्टवेअरमधून बर्न करून टाकू की. डिस्कवर नुसतं डोळ्याला दिसणारं चित्र काढायला जमतं, यामाहाने २००२ मध्ये डिस्क टॅटू आणलं होतं, एचपीने २००४ मध्ये लाइटस्क्राइब आणलं, दोन्ही आता इतिहासजमा. पण हॉलोग्रामला अडचण अशी की रायटर तुमचा डेटा जसाच्या तसा लिहीत नाही. प्रत्येक बाइटचे १४ बिट होतात, त्यात ३ जोडबिट घुसतात, चूक-दुरुस्तीसाठी दर ३२ पैकी ८ बाइट रायटर स्वतः ठरवतो आणि तुमचे बाइट शंभरेक फ्रेममध्ये (डिस्कवरच्या डेटाच्या छोट्या गठ्ठ्यांत) विखरून टाकतो. हे सगळं ठरलेल्या नियमाने होतं त्यामुळे उलटं गणित मांडता येतं, ऑडिओ सीडी म्हणून लिहिलं तर डेटा सीडीचं स्क्रॅम्बलिंगही (बिट मुद्दाम विस्कटणं) टळतं. तरी शेवटी ट्रॅक हा एक लांबलचक स्पायरल आहे, दोन फेऱ्यांमध्ये १.६ मायक्रॉन अंतर, आणि मध्यापासून ४० मिलिमीटरवर एक फेरी साधारण २५ सेंटिमीटरची. वेगाच्या आकड्यात लाखात एक इतकी चूक झाली तरी दर फेरीला अडीच मायक्रॉन सरकतं, आणि आपल्या एका ठिपक्यात अशा डझनभर फेऱ्या येतात. प्रत्येक कंपनीच्या डिस्कचा स्पायरल थोडा वेगळा, त्यामुळे कॅलिब्रेशन करता करता डिस्कचा डबा संपतो. पुढे कधी तरी जरूर करा, सुरुवातीला नको.

सामान

दोन जुने डीव्हीडी ड्राइव्ह लागतील, डेस्कटॉपवाले, ज्यात लेझरचा गाडा स्टेपर मोटर (ठराविक टप्प्याटप्प्याने फिरणारी) आणि स्क्रूवर सरकतो. काही ड्राइव्हमध्ये साधी डीसी मोटर आणि दातेरी पट्टी असते, ते आपल्या कामाचे नाहीत, त्यामुळे भंगारवाल्याकडून चार-पाच उचला, वजनावरच देतो तो. आर्डुइनो ऊनो, वरती सीएनसी शील्ड (मोटर जोडायचा बोर्ड), दोन ए-४९८८ ड्रायव्हर (मोटर चालवणारे छोटे बोर्ड), हे पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं, ऑनलाइन तर मिळतंच.

लेझर ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल, शंभर मिलिवॅटच्या घरातला, ज्याला चालू-बंद करायची टीटीएल वायर आहे असा तयार मॉड्यूल घ्या. दुकानदार म्हणेल पाचशे मिलिवॅटचा घ्या साहेब, नका घेऊ. मोठ्या पॉवरचे स्वस्त डायोड मल्टिमोड असतात, त्यांचा ठिपका नसून आडवी पट्टी पडते, कितीही फोकस करा. डीव्हीडी रायटरच्या जातीचा सिंगल-मोड डायोडच पाहिजे. ड्राइव्हमधला डायोड उपटून वापरता येतो पण तो हाताच्या स्टॅटिकनेही मरतो, तेव्हा पहिल्यांदा तयार मॉड्यूलच बरा. आणि ड्राइव्हमध्ये सीडीसाठीचा दुसरा ७८० नॅनोमीटरचा लेझर असतो त्याच्या वाटेला जाऊ नका, तो डोळ्याला जवळपास दिसतच नाही आणि म्हणूनच जास्त घातक.

लेन्सची गंमत ऐका. ड्राइव्हमध्ये इवलीशी मस्त लेन्स असते, तिचा न्यूमेरिकल अपर्चर (किती रुंद कोनातून प्रकाश एकवटते तो आकडा) ०.६, ठिपका अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, मग तीच वापरावी असं वाटतं. पण त्या लेन्सची फोकसची खोली, म्हणजे वर-खाली जेवढ्या अंतरात ठिपका बारीक राहतो ती, जेमतेम दोन मायक्रॉन असते. ड्राइव्हमध्ये ती लेन्स सतत वर-खाली नाचवून फोकस धरणारी सर्व्हो यंत्रणा आहे म्हणून चालतं, आपल्याकडे ती नाही, आणि आपला तुकडा पाच मिलिमीटरमध्ये वीस-तीस मायक्रॉन तरी तिरका असणारच. शिवाय ती लेन्स प्लास्टिकच्या ठराविक जाडीतून बघायला बनवलीये, जाडी बदलली की ठिपका पसरतो. त्यापेक्षा कॉलेजच्या मायक्रोस्कोपची चार पट मोठं करणारी ऑब्जेक्टिव्ह घ्या, तिच्यावर ०.१० लिहिलेलं असतं. तिचा ठिपका साडेतीन मायक्रॉन आणि फोकसची खोली साठ-पासष्ट मायक्रॉन. आपल्याला नेमकं हेच हवंय. फक्त लेझरचा बीम तिचं मागचं तोंड बऱ्यापैकी भरेल इतका रुंद असू द्या, बारीक बीम घातला तर ठिपका मोठा होतो.

आणि गॉगल. गॉगल आधी, बाकी नंतर. शंभर मिलिवॅट म्हणजे क्लास ३बी, आणि आपण तो सीडीच्या गुळगुळीत, काचेसारख्या तुकड्यावर मारणार आहोत, परावर्तित किरणसुद्धा पापणी मिटायच्या आत डोळा कायमचा खराब करू शकतो. गॉगलवर तुमच्या तरंगलांबीसाठी ओडी (प्रकाश अडवायची क्षमता) ४ किंवा जास्त असं छापलेलं पाहिजे, उन्हाचा काळा चष्मा चालत नाही, लेझरसोबत फुकट येणारा हिरवा-लाल चष्मा तर मुळीच नाही. सगळं यंत्र प्लायच्या काळ्या रंगवलेल्या खोक्यात बसवा, झाकणाला मायक्रोस्विच लावा म्हणजे झाकण उघडलं की लेझरची वीज तुटेल, आत काय चाललंय ते बघायला एक स्वस्तातला वेबकॅम. घरात लहान मुलं असतील तर खोक्याला कुलूप. हे लिहायला कंटाळवाणं आहे पण यात जुगाड करायचा नाही.

गाडी जोडणे

एका गाड्यावर दुसरा गाडा काटकोनात बसवायचा आणि वरच्या गाड्यावर सीडीचा तुकडा. लेझर आणि लेन्स वर स्थिर, हलतो तो तुकडा. उलटं केलंत, म्हणजे लेन्स हलवलीत, तर वायर ओढली जाऊन ठिपका थरथरतो.

या ड्राइव्हच्या मोटरला बहुतेक वेळा एका फेरीत २० स्टेप असतात आणि स्क्रूची एक फेरी ३ मिलिमीटर, म्हणजे एक स्टेप १५० मायक्रॉन. ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर, म्हणजे एका स्टेपचे सोळा भाग करायला, ठेवला की एक मायक्रोस्टेप ९.३७५ मायक्रॉन. कागदावर हं. प्रत्यक्षात मायक्रोस्टेप सारख्या नसतात, त्याचं काय करायचं ते पुढे. आपण हॉलोग्रामचा एक ठिपका दोन मायक्रोस्टेपचा धरू, १८.७५ मायक्रॉन. २५६ गुणिले २५६ ठिपक्यांचा हॉलोग्राम म्हणजे ४.८ मिलिमीटरचा चौकोन, नखापेक्षा लहान.

ड्रायव्हरचा करंट कमीत कमी ठेवा. मोटर हाताला गरम लागत असेल तर गाडाही तापतोय, तापला की पसरतोय, आणि दहा मिनिटं चालणाऱ्या कामात ते दिसतं. स्क्रू आणि गाड्याचा दात यात ढिलेपणा असतोच, त्यावर एक साधा रबरबँड लावून गाडा कायम एका बाजूला ओढून धरायचा. आणि लिहायचं फक्त डावीकडून उजवीकडे, परत येताना लेझर बंद, आणि परत येताना थोडं जास्तच मागे जाऊन मग पुढे यायचं. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

सॉफ्टवेअरला जीआरबीएल (आर्डुइनोने मोटर चालवायचा तयार प्रोग्रॅम) वापरावंसं वाटेल, मोटर तपासायला ठीक आहे, पण हजारो बारक्या कमांड सिरियल वायरवरून जाताना आर्डुइनो दमतो आणि मध्येच अडखळतो, अडखळला की तिथे ठिपका जळून मोठा होतो. छोटं स्केच, म्हणजे आर्डुइनोचा प्रोग्रॅम, स्वतः लिहा. कॉम्प्युटरने एक ओळ पाठवायची, २५६ बिट म्हणजे फक्त ३२ बाइट. आर्डुइनोने ती पूर्ण घेतल्यावरच हलायला लागायचं, प्रत्येक मायक्रोस्टेपला बिट बघून लेझर ठराविक मिलिसेकंद चालू करायचा, ओळ संपली की मागे, खालची मोटर दोन मायक्रोस्टेप पुढे, आणि "दे पुढची". शंभर ओळींच्या आत संपतं स्केच.

सीडीचा तुकडा

गडद निळ्या रंगाची सीडी-आर मिळाली तर उत्तम, तो अॅझो जातीचा रंग. फिकट सोनेरी-हिरवट दिसणाऱ्यांमध्ये थॅलोसायनिन असतं, तेही चालतं पण आमच्या कामाला निळी बरी. सीडी-आरचा रंग लाल प्रकाश चांगलाच शोषतो, सुरुवातीचे डीव्हीडी प्लेअर सीडी-आर वाचायचे नाहीत ते याच कारणाने, आणि आपल्याला तेच सोयीचं पडतं. लाल लेझरने लिहायचं, लाल लेझरनेच वाचायचं. डीव्हीडी-आर घेऊ नका, तिचा रंग दोन प्लास्टिकच्या मधोमध चिकटवलेला असतो, सोलता येत नाही.

आधी हॅकसॉच्या बारीक पात्याने दोन सेंटिमीटरचा चौकोन कापा, कडा घासा, भुसा झटका. मग लेबलच्या बाजूला कडेशी ब्लेडने एक चरा मारा, जाड ब्राउन टेप दाबून चिकटवा आणि सर्रकन ओढा. चंदेरी थर टेपसोबत येतो, रंग बहुतेक प्लास्टिकवर राहतो. निळी काच हातात आल्यासारखं दिसतं. ती बाजू बोटाने पुसायची नाही, स्पिरिटने तर नाहीच, रंग धुऊन जातो. उन्हातही ठेवू नका. सीडीची स्वतःची १.६ मायक्रॉनची खाच प्रकाश फोडतेच, पण लाल रंगाला ती चोवीस अंशांवर फेकते, म्हणजे तीन मीटरवरच्या भिंतीवर ते सव्वा मीटरच्याही पलीकडे जातं, आपल्या चित्रात लुडबुड करत नाही.

आधी जाळी, मग अक्षर

इथे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं करू नका. पहिल्या तुकड्यावर अक्षर नको, साध्या रेघांची जाळी लिहा. दोन ओळी लेझर चालू, दोन ओळी बंद, दोन चालू, दोन बंद, अशी २ मिलिमीटरची पट्टी. त्याच्या शेजारी दुसरी पट्टी, तीच जाळी पण लेझरची वेळ दुप्पट. अशा सात-आठ पट्ट्या, अर्ध्या मिलिसेकंदापासून वर वर. मग तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघा, लेझर मॉड्यूलची वायर काढून, मग बघा. कमी पडलेल्या पट्टीत काही दिसत नाही किंवा तुटक ठिपके दिसतात, जास्त झालेल्या पट्टीत रेघा सुजलेल्या आणि मध्ये प्लास्टिकचे बुडबुडे, आणि मधल्या एखाद्या पट्टीत निळ्यावर स्वच्छ उजळ रेघा. रेघ बारीक आणि मधली जागा रुंद दिसत असेल तर फोकस मुद्दाम थोडा बिघडवा किंवा प्रत्येक ओळ एक मायक्रोस्टेप सरकवून दोनदा लिहा. साडेतीन मायक्रॉनच्या रेघेने पावणेएकोणीस मायक्रॉनचा ठिपका भरत नाही हे उघड आहे.

आता साधा पॉइंटर, पाच मिलिवॅटच्या आतला, स्टँडवर बांधा, भिंत तीन मीटरवर. पॉइंटरचा फोकस फिरत असेल तर तो भिंतीवर सगळ्यात बारीक ठिपका पडेल असा लावा. बीमसमोर पट्टी धरा. भिंतीवर मध्ये एक झगझगीत ठिपका आणि वर-खाली ओळीत ठिपके दिसतील. बघायचं ते भिंतीकडे, तुकड्यातून पॉइंटरकडे डोळा लावून कधीच नाही. दोन ओळी चालू दोन बंद म्हणजे जाळीचा गाळा ७५ मायक्रॉन, ६५० नॅनोमीटरला तीन मीटरवर पहिला ठिपका मधल्यापासून २६ मिलिमीटरवर पडायला हवा. साधी पट्टी लावून मोजा. २७ आला तर तुमच्या गाड्याची स्टेप समजुतीपेक्षा जवळपास चार टक्के लहान आहे. मायक्रॉन मोजायचं यंत्र घरी नसताना भिंत आणि फूटपट्टी हे काम करतात, मला तरी या सगळ्या उद्योगातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

अजून वाचा भिंत. दुसरा ठिपका, ५२ मिलिमीटरवरचा, जवळपास गायब असेल तर रेघ आणि मधली जागा बरोब्बर सारखी झालीये, तीच वेळ लिहून ठेवा, तुमचं एक्स्पोजर मिळालं. तो ठळक असेल तर रेघ एक तर सुजलीये नाही तर सुकलीये. आता मुख्य ठिपक्यांच्या अगदी शेजारी फिकट पिल्लं दिसताहेत का बघा. १३ मिलिमीटरवर पिल्लू असेल तर दर १५० मायक्रॉनला, म्हणजे दर पूर्ण स्टेपला, काही तरी चुकतंय. सव्वातीन मिलिमीटरवर असेल तर दर चार स्टेपला. हीच ती मायक्रोस्टेपची लबाडी. करंट थोडा कमी-जास्त करून पिल्लं फिकी होतात, पूर्ण जात नाहीत. ठिपके आडवे फाटल्यासारखे किंवा फराटे ओढल्यासारखे दिसले तर रबरबँड बघा, खोक्याखाली पंखा-फ्रिजची थरथर येतेय का बघा, टेबलाखाली सायकलची ट्यूब ठेवली तरी फरक पडतो.

तीच परीक्षा उभ्या रेघांनी करा म्हणजे दुसरी मोटरही कळेल. उभ्या रेघा नेहमी वाईट येतात, कारण प्रत्येक ओळ नव्याने सुरू होते आणि सुरुवात थोडी इकडेतिकडे होते. ते सुधारायच्या मागे महिना घालवू नका, त्यावर गणितात उतारा आहे.

गणित

पायथन ही भाषा आणि तिची नमपाय लायब्ररी पुरे. २५६ गुणिले २५६ चं काळं चित्र घ्या. मध्यभाग म्हणजे भिंतीवरचा झगझगीत ठिपका, तिथे काही काढून उपयोग नाही. अक्षर काढायचं ते मध्याच्या बरोब्बर वर, ६४ ठिपके वर, साधारण ६० ठिपके उंच, जाड रेघेचं. "क" घ्या, कारण तो उलटा केला की लगेच ओळखू येतो.

मध्याच्या वरच का, बाजूला का नाही? ओळी आडव्या लिहितोय आणि प्रत्येक ओळीची सुरुवात डावी-उजवीकडे डळमळतेय. या डळमळीचा त्रास किती होणार हे चित्र मध्यापासून आडवं किती लांब आहे यावर ठरतं. चित्र बाजूला चौथाई अंतरावर असेल तर एका ठिपक्याची सरक म्हणजे चौथाई तरंग, म्हणजे सगळं मुसळ केरात. चित्र सरळ वर असेल तर तीच सरक जवळपास निरुपद्रवी, आणि वर-खाली हलवणारी मोटर तर फक्त पुढेच जात असते, मागे येतच नाही, तिला ढिलेपणाचा त्रास नाही. शिवाय ६४ ठिपके वर म्हणजे अक्षराचा मध्य भिंतीवर नेमका तिथेच पडतो जिथे जाळीचा २६ मिलिमीटरवाला ठिपका पडला होता, म्हणजे कुठे बघायचं हेही आधीच माहीत.

आता प्रत्येक ठिपक्याला रँडम फेज (तरंग कुठल्या टप्प्यावर आहे तो कोन) द्या, शून्य ते दोन पाय. हे विसरलात तर सगळी ऊर्जा हॉलोग्रामच्या मध्यात गोळा होते आणि भिंतीवर अक्षराच्या नुसत्या कडा दिसतात. मग उलटा फूरियर ट्रान्सफॉर्म, म्हणजे भिंतीवरच्या चित्रावरून हॉलोग्राम काढणारं गणित, नमपायमध्ये तयारच असतं. कोपरे मध्यात आणणारं शिफ्टचं फंक्शन आधी आणि नंतर लावायला विसरू नका, नाही तर अक्षर चार कोपऱ्यांत तुकडे होऊन पडतं. आलेल्या आकड्यांचा वास्तव भाग घ्या, शून्यापेक्षा मोठा असेल तर १, नसेल तर ०. झाला हॉलोग्राम. बघायला टीव्हीवरच्या मुंग्यांसारखा दिसतो, ओळीओळींचा किंचित भास, बाकी काही नाही.

लगेच उलट तपासणी. त्या शून्य-एकच्या चित्राचा फूरियर ट्रान्सफॉर्म, त्याचा वर्ग, स्क्रीनवर. वर "क", मध्ये भडक ठिपका, खाली डोक्यावर उभा "क". खालचा जुळा भाऊ जाणार नाही, काळं-पांढरं लिहिलं की तो येतोच. अक्षर दाणेदार वाटलं तर गर्चबर्ग-सॅक्स्टन करा, १९७२ ची पद्धत, सोपी आहे, भिंतीच्या बाजूला फेज ठेवून उजेड हवा तो बसवायचा, हॉलोग्रामच्या बाजूला पुन्हा शून्य-एक करायचं, असं वीस-तीस वेळा मागे-पुढे. दाणे बरेच कमी होतात. उजेडाची अपेक्षा मात्र माफक ठेवा. काळ्या-पांढऱ्या हॉलोग्राममध्ये, सगळं आदर्श असलं तरी, एका चित्राला पडणाऱ्या प्रकाशातला दहा टक्के मिळतो, आणि आपलं काही आदर्श नाहीये.

लिहिण्याआधी स्क्रीनवरच दोन प्रयोग करून बघाच. वीस टक्के ठिपके रँडम पुसून टाका आणि परत बघा, "क" थोडा फिका पण जागच्या जागी. मग मूळ हॉलोग्राम घेऊन प्रत्येक ओळ रँडम एक-दोन ठिपके डावी-उजवीकडे सरकवा, वरच्या "क" च्या फक्त कडा विस्कटतात. आता अक्षर मध्याच्या उजवीकडे ठेवून तेच करा, काही उरत नाही. हे एकदा डोळ्याने पाहिलं की यंत्रात वेळ कुठे घालवायचा ते आपोआप कळतं.

लिहायचं

जाळीवरून ठरलेली वेळ, तोच फोकस, त्याच डिस्कमधला दुसरा तुकडा. डिस्क बदलली की पट्ट्या परत. तुकडा सपाट बसलाय का ते असं बघा, लेझर उमटणार नाही इतका कमी ठेवून चारही कोपऱ्यांवर ठिपका वेबकॅममध्ये सारखाच बारीक दिसतो का, नसेल तर त्या कोपऱ्याखाली कागदाचा कपटा. मग झाकण बंद, गॉगल चढवलेला, आणि चालू. ओळीला जायला एक सेकंद, यायला एक सेकंद धरलं तर २५६ ओळींना साडेआठ मिनिटं, दोनदा लिहीत असाल तर सतरा. त्या वेळात त्या टेबलाजवळ फिरू नका, दार आपटू नका.

पॉइंटर लावला की पहिल्यांदा बहुतेक लोक मधला ठिपकाच बघत बसतात आणि म्हणतात काही झालं नाही. खोली पूर्ण अंधारी करा, काळ्या कागदाला भोक पाडून मधला ठिपका त्या भोकातून पलीकडे जाऊ द्या म्हणजे त्याची झगमग डोळ्यात येणार नाही, आणि बरोब्बर २६ मिलिमीटर वर पांढऱ्या कागदावर बघा. अडीच सेंटिमीटरचा, दाणेदार, थोडा थरथरता वाटणारा लाल "क". आरशातल्यासारखा दिसला तर तुकडा पालथा करा. पॉइंटरचा बीम दोन मिलिमीटरचा असेल तर तो हॉलोग्रामच्या एका भागावरच पडतो, तरी अख्खं अक्षर दिसतं, कारण इथे प्रत्येक भागात सगळं चित्र असतं, फक्त थोडं धूसर. तुकडा हळूहळू सरकवून बघा, चित्र जागचं हलत नाही. हिरवा पॉइंटर लावलात तर अक्षर ५३२ भागिले ६५० इतकं लहान होतं, आणि रंग हिरवा बहुतेक तसाच सोडतो म्हणून फिकंही.

काहीच दिसत नसेल आणि जाळी मात्र छान आली होती तर नव्वद टक्के वेळा ओळ पाठवताना बाइटमधले बिट उलटे वाचले जाताहेत, आठ-आठच्या गटात आरसा होतोय. गंमत म्हणजे जाळीत ते कळतच नाही. त्यासाठी एकदा हॉलोग्रामऐवजी नुसतं एक मोठं "क" चित्र म्हणून लिहा आणि मायक्रोस्कोपखाली वाचा, झोल लगेच सापडतो.

जमलं की पुढे दोन दिशा. एक, ठिपका एकाच मायक्रोस्टेपचा करा आणि ५१२ चा हॉलोग्राम त्याच ४.८ मिलिमीटरमध्ये बसवा, भिंतीवरची चौकट तीन मीटरवर दहाऐवजी वीस सेंटिमीटरची होते आणि अक्षरं तीन-चार मावतात, पण मायक्रोस्टेपची पिल्लंही तेवढीच डोकं वर काढतात, तेव्हा आधी ९.३७५ ची जाळी परत. दुसरी, सीडी सोडून काचेवर काळ्या परमनंट मार्करचा थर देऊन बघा, लेझर तो सरळ उडवतो आणि फरक सीडीपेक्षा ठसठशीत येतो, थर मात्र कधीच सारखा बसत नाही, त्यामुळे आधी सीडीवर हात बसू द्या. आणि तुकडे काळ्या पाकिटात ठेवताना त्यावर डिस्कची जात, वेळ, करंट आणि पहिल्या ठिपक्याचं मोजलेलं अंतर पेन्सिलने लिहून ठेवा, दोन महिन्यांनी सगळे निळे चौकोन सारखेच दिसतात.